गरोदरपणातील थायरॉईड तपासणीची घरपोच सेवा

बहिणीला तिसरा महिना लागताच टीएसएच (थायरॉईड ग्रंथीला काम करायला लावणारे संप्रेरक; ते वाढणे म्हणजे ग्रंथी कमी पडत असल्याची खूण) वाढल्याचे कळले आणि बाळाच्या बुद्धीवर परिणाम होईल का, या काळजीने सगळे घर धास्तावले. तेव्हापासून दर चार आठवड्यांनी आम्ही आमच्या भागातील एका प्रयोगशाळेची घरपोच सेवा घेत आहोत. रक्त घ्यायला येणाऱ्या ताई वेळ पाळतात, नळीवर नाव आमच्यासमोरच लिहितात आणि त्या दिवशीची थायरॉईडची गोळी रक्त दिल्यानंतरच घ्या, असे आवर्जून सांगतात. अहवाल संध्याकाळपर्यंत मोबाईलवर येतो.

मात्र एक त्रुटी गंभीर आहे. अहवालात सर्वसाधारण प्रौढांचीच मर्यादा छापलेली असते, बहिणीचा ४.१ हा आकडा त्यात ‘नॉर्मल’ ठरला, पण उपचार चालू असलेल्या गरोदर स्त्रीचा टीएसएच साधारणपणे २.५ च्या खाली ठेवतात. पहिल्या तिमाहीत बाळ आईच्याच थायरॉक्सिनवर, म्हणजे थायरॉईड ग्रंथीत तयार होणाऱ्या संप्रेरकावर, अवलंबून असते, त्यामुळे असा खोटा दिलासा महागात पडू शकतो. आमच्या डॉक्टरांनी तो आकडा पाहताच गोळीची मात्रा वाढवली, लोह-कॅल्शियमच्या गोळ्या थायरॉईडच्या गोळीनंतर चार तासांनी घ्यायला सांगितल्या आणि वेळेवर उपचार झाल्यास बाळाची वाढ बहुधा व्यवस्थित होते, हे शांतपणे समजावले. तिमाहीनुसार मर्यादा छापावी, अशी लेखी विनंती मी प्रयोगशाळेला केली आहे. तोवर पाचपैकी तीनच तारे.