स्नायूंची सोनोग्राफी: डुशेन (स्नायू हळूहळू कमकुवत करणारा आनुवंशिक आजार) असलेल्या मुलाच्या आईचा अनुभव
लेक 7 वर्षांचा. एमआरआयच्या बोगद्यात पाच मिनिटंही स्वस्थ पडत नाही, म्हणून ही तपासणी केली. सुई नाही, भूल नाही, किरणोत्सर्ग नाही; गार जेल लावल्यावर पठ्ठ्या खिदळत होता. निरोगी स्नायू पडद्यावर काळपट दिसतो, खाली हाडाची ठळक पांढरी रेघ. याच्या मांडीत चरबी आणि तंतू साचल्याने सगळं धुरकट पांढरं, रेघ पुसट. हेकमॅट श्रेणी (सोनोग्राफीत स्नायू किती पांढरा दिसतो याचं मोजमाप; 1 म्हणजे निरोगी, 4 म्हणजे सर्वांत खराब) 4 पैकी 3. (पोटऱ्या भरदार दिसतात, पण त्या फसव्या, तिथेही चरबीच.) तक्रार एकच: मागच्या वेळी मशीन वेगळं, सेटिंग वेगळं. मग पांढरेपणाची तुलना करायची कशी? पुढच्या खेपेला तेच मशीन मागणार आहे.