डुक्कर, बॅजर की घोडा? दाढीच्या तीन ब्रशांचा नऊ महिन्यांचा अनुभव

नऊ महिने आलटून पालटून तीन ब्रश वापरले, एक बोअर म्हणजे डुकराच्या केसांचा, एक बॅजर म्हणजे बिळात राहणाऱ्या एका जंगली प्राण्याच्या केसांचा आणि एक घोड्याच्या केसांचा. माझी दाढी राठ, हनुवटीखाली तर केस चारी दिशांना उगवतात, आणि साबण डबीतला घट्ट, क्रीम क्वचितच. हे आधीच सांगतोय कारण क्रीमवाल्याला आणि साबणवाल्याला एकच ब्रश वेगळा वाटतो.

बोअर घेतला आणि पहिल्याच दिवशी पस्तावलो. भिजवल्यावर गोठ्यात शिरल्यासारखा वास, गालाला टोचतोय, आणि साबणावर फिरवून फिरवून मनगट दुखलं तरी फेस दोन मिनिटांत गायब. नवीन बोअर फेस खातो हे ऐकून होतो पण इतका खादाड असेल असं वाटलं नव्हतं. वर त्या पांढऱ्या केसांवर बॅजरसारखा दिसावा म्हणून काळा पट्टा रंगवलेला, सुरुवातीला तीन-चारदा पाणी काळपट निघालं. मग रोज रात्री, दाढी असो नसो, तळहातावर फेस करायचा नि धुऊन ठेवायचा असं सुरू केलं, वासासाठी दोनदा फेस भरून रात्रभर तसाच ठेवला, तेव्हा कुठे तो गेला. महिन्याभराने एकदा कोरडा ब्रश उजेडात धरून बघितला तर एकेका केसाचं टोक फाटून दोन-तीन तंतू झालेले. म्हटलं गेला आता हा. पण उलट तिथूनच तो सुधारला! टोकं फाटली की गालाला मऊ लागतात आणि खालचा केस मात्र ताठच राहतो, त्यामुळे घट्ट साबण दाबून उचलता येतो. एकच काम, आधी भिजवायचा. हा केस पाणी आत शोषून मऊ होतो, मी आंघोळीला जाताना मगमध्ये सोडतो, बाहेर येईपर्यंत तयार.

बॅजरचं उलटं, पाणी केसांच्या मधे धरून ठेवतो, अर्धं मिनिट बुडवला तरी भागतं. माझा सिल्व्हरटिप प्रतीचा आहे, बुडाशी केसांच्या जुडग्याचा व्यास २४ मिलिमीटर, आणि पहिली दाढी खरंच स्वर्ग होती, टोकं लागतात की नाही तेच कळेना. प्युअर, बेस्ट, सुपर, सिल्व्हरटिप अशा प्रती असतात पण सगळ्या कंपन्यांना मिळून एक मोजमाप नाही, एकाचा बेस्ट दुसऱ्याच्या सुपरच्या तोडीचा निघू शकतो, तेव्हा नावावर जाऊ नका. नवलाई ओसरल्यावर लक्षात आलं की घट्ट साबणावर हा लोळतो, बोअरपेक्षा दुप्पट वेळ फिरवावा लागतो, आणि पाणी नीट झटकलं नाही तर फेस पातळ होऊन थेट कोपरापर्यंत ओघळतो. क्रीम असेल तर मात्र याच्यासारखा नाही, वाटीत एवढा फेस होतो की अर्धा धुऊन टाकावा लागतो. गाढवपणा म्हणजे एका थंडीत मी उकळतं पाणी ओतलं यावर. टोकं वेडीवाकडी झाली आणि बुडाचा गोंद सैल झाला असावा, कारण तेव्हापासून केस गळतायत. हाताला सोसेल एवढंच गरम घ्या, बस.

घोड्याचा घेताना मनात शंका होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या ब्रशांमुळे सैनिकांना काळपुळी म्हणजे अँथ्रॅक्स झाल्याच्या घटना घडल्या होत्या, ते वाचलं आणि ब्रश दोन दिवस तसाच पडून राहिला. आता केसांवर प्रक्रिया झालेली असते, त्यामुळे ती भीती नको. यात आयाळ आणि शेपटीचे केस मिसळतात, शेपटी जास्त तर ब्रश ताठ, आयाळ जास्त तर मऊ, आणि जनावर न मारता केस कापून घेता येतात हा मुद्दा ज्यांना महत्त्वाचा वाटतो त्यांनी आधी हाच बघावा. भिजायला फार वेळ घेत नाही, पहिल्या आठवड्यातच वळणावर आला. फक्त गोल गोल घासला की केस एकमेकांत अडकून गाठी होतात, रंग मारल्यासारखा खालीवर फिरवायचा. घाईच्या सकाळी मी हाच उचलतो.

वाळवायला केस वर की खाली यावर लोक हमरीतुमरीवर येतात, मला काडीचा फरक दिसला नाही. झटका, टॉवेलवर पुसा, मोकळ्या हवेत ठेवा, ओला असताना डबीत कोंबू नका. पाणी जड असेल तर बुडाशी साबणाचा पांढरा थर बसतो, मी अधूनमधून व्हिनेगर घातलेल्या पाण्यात थोडा वेळ बुडवतो.

आठवड्यातले चार दिवस तरी बोअरच हातात येतो. कालच त्याचा एक केस गालाला चिकटलेला सापडला, नऊ महिन्यांत असे वीस-पंचवीस गळले असतील. बॅजरचे मोजत नाही, तिथे चूक माझीच आहे.