आर्वीची अभ्यासिका आणि विधी शाखेपूर्वीचे एक वर्ष

बी.ए. झाल्यावर तीन वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाला लगेच प्रवेश न घेता एक वर्ष थांबण्याचे मी ठरवले आणि जुलै 2024 पासून दहा महिने आर्वीतील एका खासगी अभ्यासिकेत जागा घेतली. पूर्ण दिवसाचे महिन्याला 700 रुपये आणि अर्ध्या दिवसाचे 400 रुपये, असा तेथील दर होता. पहिले तीन महिने मी पूर्ण दिवसाचे पैसे भरले. ते भरायला नको होते, असे आज माझे स्पष्ट मत आहे.

बसून वाचण्यासाठी ही जागा उत्तम आहे. प्रत्येक टेबलाला लाकडी आडोसा, स्वतंत्र दिवा आणि चार्जिंगची सोय आहे. कोणी मोबाईलवर बोलू लागलाच, तर चालक त्याला शांतपणे जिन्यात नेऊन उभा करतात. लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर पंखे चालतात, कूलर चालत नाही. एप्रिलच्या दुपारी याचा अर्थ काय होतो, हे विदर्भातल्या वाचकाला सांगायला नको.

माझी खरी तक्रार पुस्तकांच्या कपाटाविषयी आहे. ते पोलीस भरती आणि राज्यसेवेच्या पुस्तकांनी भरलेले आहे, आणि कायद्याचे म्हणून जे एकमेव जाडजूड मार्गदर्शक आहे, त्यात खुनाला कलम 302 आणि फसवणुकीला कलम 420 दिलेले आहे. मी जागा घेतली त्याच दिवशी, म्हणजे 1 जुलै 2024 रोजी, जुन्या भारतीय दंड संहितेऐवजी भारतीय न्याय संहिता लागू झाली. 511 कलमांच्या जागी 358 कलमे आली, खुनाची शिक्षा कलम 103 मध्ये गेली आणि फसवणूक कलम 318 मध्ये. त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांचे खटले जुन्याच संहितेखाली चालतात, त्यामुळे ते पुस्तक रद्दीत घालण्यासारखे नाही. पण नवख्या मुलाला हा फरक कोण सांगणार? चालकांना दोनदा सांगितले, दोन्ही वेळा ‘मागवतो’ असे उत्तर मिळाले, आणि मी जागा सोडेपर्यंत नवे पुस्तक आले नाही.

आता पूर्ण दिवसाच्या पैशांविषयी. राज्याच्या तीन वर्षांच्या विधी सीईटीत कायद्याचा कल, सामान्य ज्ञान, तर्क आणि इंग्रजी एवढेच विषय असतात, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत आणि इंग्रजीचा भाग सोडल्यास प्रश्न मराठीतूनही असतात. पदवी झालेल्या विद्यार्थ्याला यासाठी रोजचे चार तास पुरतात. बारावीनंतर क्लॅट ही प्रवेश परीक्षा देऊन नागपूरच्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठासारख्या संस्थेत जाऊ पाहणाऱ्याची गोष्ट निराळी आहे. तो पेपर संपूर्ण इंग्रजीत असतो आणि चुकीला पाव गुण जातो, म्हणून त्याने पूर्ण दिवसाची जागा जरूर घ्यावी.

मी मात्र ऑक्टोबरपासून सकाळची पाळी ठेवली आणि दुपारी तहसील कचेरीसमोर बसणाऱ्या एका अर्जनवीसांकडे विनामोबदला लिहायला बसू लागलो. पहिल्याच आठवड्यात एक आजी सातबारा घेऊन आल्या. वावर त्यांच्याच नावाचे होते, पण नावातले एक अक्षर गळले होते आणि बँक पीककर्जाचे कागद परत पाठवत होती. सकाळी वाचलेली सगळी विद्वत्ता ओतून मी दोन पानांचा अर्ज लिहिला. म्हाताऱ्या अर्जनवीसांनी तो चष्म्यावरून वाचला आणि म्हणाले, “कथा कायले लिहून राह्यला बाबू, अर्ज लिह.” मग त्यांनी पाच ओळी ठेवल्या: गट क्रमांक, चुकलेले नाव, खरे नाव, सोबत जोडलेला फेरफाराचा उतारा, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 155 नुसार लेखनप्रमाद, म्हणजे लिहिताना झालेली चूक, दुरुस्त करण्याची विनंती. ‘लेखनप्रमाद’ हा शब्द मी त्या दिवशी प्रथम लिहिला.

पुढे दहा रुपयांचे न्यायालय शुल्क मुद्रांक लावून माहिती अधिकाराचे अर्ज लिहिले, उत्तराच्या मुदतीचे तीस दिवस मोजायला शिकलो. पटवाऱ्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, पण कास्तकार पटवारीच म्हणतात आणि अर्जावर मात्र नवे नाव लागते, हेही तेथेच कळले. काम नसेल त्या दिवशी जवळच्या न्यायालयात मागच्या बाकावर बसत असे. तेथे निम्मा वेळ पुढची तारीख देण्यातच जातो. तरीही साक्षीदाराला उलटतपासणीत घाम फुटताना पाहिल्यावर मला पुस्तकातला पुराव्याचा कायदा वाचता येऊ लागला, नाहीतर त्या पानांवर मला हमखास झोप यायची.

म्हणून या अभ्यासिकेची शिफारस मी करतो, पण सकाळच्या पाळीचीच, आणि नवी संहिता स्वतः विकत घेऊनच. जागा निवडताना खिडकीकडची रांग मागावी. कूलरसमोरची जागा गार असते खरी, परंतु तेथे पाण्याचे तुषार वहीवर येतात आणि शाई पसरते.