लेकीचं तिसरीचं मूल्यमापन आणि वाट बघणाऱ्या बाई

माझी लेक बोलताना अडखळते. 'म' आणि 'ब' वर शब्द अडकतो, कधी दोन सेकंद, कधी दहा. तिला घरी शिकवायचं ठरवलं त्यामागे हे एक कारण होतं. आम्ही राहतो त्या अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात मूल घरी शिकत असेल तर वर्षाच्या शेवटी पात्र इव्हॅल्युएटरकडून, म्हणजे मूल्यमापन करणाऱ्या व्यक्तीकडून, मूल्यमापन करून घ्यावं लागतं. त्यात वह्या-कागद तपासतातच, शिवाय मुलाशी बोलणंही कायद्याने सक्तीचं आहे. कागद मी जमवू शकते, बोलायचं मात्र तिलाच असतं.

गेल्या वर्षी दुसरीचं मूल्यमापन एकीकडून ऑनलाइन करून घेतलं होतं. बारा मिनिटांत संपलं. लेक पहिल्याच उत्तराला अडकली आणि समोरून तिचं वाक्य पूर्ण केलं गेलं. दुसऱ्या प्रश्नालाही तेच. तिसरा प्रश्न तर सरळ मलाच विचारला. प्रमाणपत्र वेळेवर आलं, डिस्ट्रिक्टने (इथल्या सरकारी शाळांचा कारभार बघणाऱ्या स्थानिक कार्यालयाने) ते स्वीकारलं, कागदोपत्री काहीही चुकलं नाही. पण लॅपटॉप बंद केल्यावर लेकीने विचारलं, "आई, मी नापास झाले का?" तो प्रश्न वर्षभर माझ्या मनातून गेला नाही.

यंदा चेस्टर काउंटीतल्या एका निवृत्त शिक्षिकेकडे गेलो. त्या जाहिरात करत नाहीत, ओळखीतूनच त्यांच्याकडे माणसं पोचतात, म्हणून नाव देत नाही. पण इव्हॅल्युएटर निवडताना काय बघावं, हे त्यांच्याकडे गेल्यावर मला कळलं, ते सांगते.

फेब्रुवारीत फोन केला तेव्हा त्यांनी शुल्काच्याही आधी विचारलं, "मुलीला काय आवडतं?" मी अडखळण्याबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग दीड तास राखून ठेवते." बस, एवढंच. सहानुभूतीचं लांबलचक बोलणं नाही की स्पीच थेरपीचा सल्ला नाही. मे महिन्यातली तारीख मिळाली. मूल्यमापनाचे ७० डॉलर आणि चाचणीचे वेगळे ४५. तिसरी, पाचवी आणि आठवी या वर्षी वाचन-भाषा आणि गणिताची प्रमाणित चाचणी द्यावी लागते आणि ती आईवडिलांनी स्वतः घेतलेली चालत नाही. बाई एप्रिलमध्ये चार-पाच मुलांना एकत्र बसवून ती घेतात. किती गुण मिळायलाच हवेत असं कायद्यात कुठेही नाही, हे त्यांनी लेकीला आधीच सांगितलं होतं. त्यामुळे ती चाचणीला निवांत बसली.

मार्चमध्ये त्यांनी तयारीसाठी एकच पान पाठवलं. प्रत्येक विषयाचे तीन नमुने आणा: एक सप्टेंबरचा, एक जानेवारीच्या आसपासचा, एक आत्ताचा. पुन्हा सुवाच्य लिहून काढू नका. खोडलेलं, चुकलेलं तसंच राहू द्या. सगळं एका फाइलीत मावलं पाहिजे. गेल्या वर्षी मी दोन जाड फाइली भरल्या होत्या, प्रत्येक वर्कशीट प्लॅस्टिकच्या पाकिटात. यंदा जमिनीवर बसून तिघांनी (मी, नवरा आणि लेक) निवड केली. लेकीने सप्टेंबरमधला गुणाकाराचा कागद उचलला, त्यात सात सत्ते चोपन्न लिहिलेलं होतं. "हा ठेवू या," ती म्हणाली, "मग त्यांना कळेल."

माझी खरी अडचण नोंदवहीची होती. शिकवत असतानाच ती लिहीत जायची असते आणि वाचलेल्या पुस्तकांची नावं त्यात हवीत. मी नोव्हेंबरात तीन आठवडे आळस केला आणि मग आठवून आठवून भरताना डोळ्यांत पाणी आलं. प्राथमिक वर्गांना १८० दिवस किंवा ९०० तास भरावे लागतात. आम्ही दिवस मोजतो. तेव्हापासून भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोज रात्री भांडी घासून झाली की एक खूण आणि दोन ओळी, एवढंच करते. ज्यांचं हे पहिलं वर्ष आहे त्यांनी बाकी काही नाही केलं तरी चालेल, पण ही सवय लावून घ्या.

मराठीचं काय करायचं हाही प्रश्न होता. आजोबा सांगलीहून 'किशोर'चे अंक आणतात, लेक ते आवडीने वाचते, पण अमेरिकन शिक्षिकेपुढे ते ठेवावेत की नाही? बाईंना फोनवर विचारलं. म्हणाल्या, "वाचते ना? मग नोंदवहीत लिहा आणि एक अंक घेऊन या."

मे महिन्यात त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. फाइल त्यांनी दहा मिनिटांत चाळली आणि बाजूला ठेवली. मला खिडकीजवळची खुर्ची दिली, जरा लांब, मुद्दामच असावी. मग लेकीला म्हणाल्या, "व्हॅली फोर्जला गेला होतात ना, तिथे काय झालं ते मला सांग." अमेरिकेच्या आणि पेनसिल्व्हेनियाच्या इतिहासाचा तो प्रश्न होता, पण विचारला तो शेजारच्या बाईने विचारावा तसा.

लेक सुरू झाली आणि दुसऱ्याच शब्दावर अडकली. मी खुर्चीची कड घट्ट धरली. बाईंनी काही केलं नाही. मान हलवली नाही, "सावकाश बोल" म्हणाल्या नाहीत, घड्याळाकडे पाहिलं नाही. नुसत्या तिच्याकडे बघत राहिल्या, जसं कोणी चांगली गोष्ट ऐकताना बघतं. शब्द सुटला. मग तिने सांगितलं, स्वातंत्र्ययुद्धात, १७७७ च्या डिसेंबरात वॉशिंग्टनचं सैन्य तिथे उतरलं, लाकडी झोपड्या बांधल्या, तिथे लढाई झालीच नाही, माणसं मेली ती आजारांनी. बाईंनी विचारलं, "मग लढाईच झाली नाही तर ती जागा महत्त्वाची का?" लेकीने बराच वेळ घेतला. त्यातलं अडखळणं किती आणि विचार करणं किती, मला ओळखता आलं नाही. शेवटी म्हणाली, "कारण ते घरी निघून गेले नाहीत."

आगीपासून सुरक्षितता हा इथे सक्तीचा विषय आहे, तो बहुतेक जण एका वर्कशीटवर उरकतात. बाईंनी विचारलं, "तुझ्या घरी आग कुठून लागू शकते?" लेक म्हणाली, "आईच्या फोडणीतून." मग तेल पेटलं तर पाणी ओतायचं नाही, गॅस बंद करून झाकण ठेवायचं, हे हातांनी करून दाखवलं. फोडणी म्हणजे काय हेही बाईंना तिनेच समजावलं. त्यात ती एकदाही अडखळली नाही.

शेवटी 'किशोर' उघडला. बाईंनी तिला एक परिच्छेद मराठीत मोठ्याने वाचायला लावला आणि मग त्याचा अर्थ इंग्रजीत सांगायला. बाईंना मराठी शून्य, पण त्यांनी विचारलेला पुढचा प्रश्न गोष्टीतल्या म्हातारीबद्दल होता, म्हणजे त्या मनापासून ऐकत होत्या.

उणिवा आहेत. शनिवार-रविवारी त्या उत्तर देत नाहीत. ऑनलाइन करत नाहीत, त्यामुळे लांबच्यांना उपयोग नाही. मे आणि जूनचा पहिला आठवडा एवढंच काम घेतात. डिस्ट्रिक्टकडे प्रमाणपत्र ३० जूनच्या आत द्यायचं असल्याने मार्चनंतर फोन केलात तर जागा मिळणं कठीण. प्रमाणपत्र टपालाने येतं, आम्हाला पाच दिवस लागले. आल्याबरोबर स्कॅन करून ठेवा. २०१४ पासून अख्खी फाइल डिस्ट्रिक्टला द्यावी लागत नाही, फक्त हे प्रमाणपत्र द्यायचं असतं, म्हणून ते हरवलं तर पंचाईत होईल.

दुसऱ्या कोणाकडे जात असाल तर पहिल्या फोनवर दोन गोष्टी विचारा: मुलाशी किती वेळ बोलणार, आणि मी त्या वेळी कुठे बसायचं. उत्तर ऐकूनच बरंच कळेल.

निघताना लेकीने बूट घालता घालता बाईंना विचारलं, "पुढच्या वर्षी मी भ... भ... भागाकार करून दाखवू?" मराठी शब्द तसाच त्यांच्यापुढे ठेवला. बाई थांबल्या, शब्द पूर्ण होऊ दिला, आणि मग म्हणाल्या, "म्हणजे काय, ते आधी सांग." आम्ही आणखी दहा मिनिटं दारातच उभे होतो.