डीम्ड कन्व्हेयन्ससाठी घेतलेली वकिली सेवा : आमच्या सोसायटीचा अनुभव

नाशिकच्या इंदिरानगरमधील आमच्या चोवीस सदनिकांच्या सोसायटीची नोंदणी होऊन सतरा वर्षे झाली, तरी इमारतीखालची जमीन सातबाऱ्यावर मूळ मालकाच्याच नावावर होती. करारात वेगळी मुदत ठरलेली नसेल तर संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत विकसकाने अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन व इमारतीची मालकी संस्थेच्या नावे करणे) करून द्यावे, असे १९६३च्या मोफा (महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स) कायद्याखालील नियम सांगतात. आमच्या विकसकाने पत्रांना उत्तरही दिले नाही, तेव्हा आम्ही सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) परिसरातील एका वकिलांच्या कार्यालयाकडे काम सोपवले.

पहिल्याच भेटीत त्यांनी विचारले, "तुमची सोसायटी आहे की अपार्टमेंट?" नाशिकमध्ये हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण येथील अनेक इमारती १९७०च्या अपार्टमेंट कायद्याखाली घोषणापत्र करून उभ्या आहेत आणि तेथे प्रत्येक सदनिकाधारकाला डीड ऑफ अपार्टमेंटनेच जमिनीतील अविभक्त हिस्सा मिळतो. आमची सोसायटी असल्याने मार्ग मोफाच्या कलम ११चा होता : जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज, विकसकाला व जमीनमालकाला नोटीस, सुनावणी आणि मग एकतर्फी अभिहस्तांतरणाचा, म्हणजे विकसकाच्या सहीशिवाय होणाऱ्या डीम्ड कन्व्हेयन्सचा, दाखला.

खरी अडचण जमिनीच्या वाटणीची होती. एकाच भूखंडावर दोन इमारती आणि दोन स्वतंत्र सोसायट्या असल्यामुळे आमच्या वाट्याला किती चौरस मीटर येतात, हे मंजूर नकाशावरून वास्तुविशारदाने प्रमाणित करणे आवश्यक होते, आणि पार्किंगच्या मोकळ्या जागेवरून शेजारच्या सोसायटीचा आक्षेप येणार, हे आम्हाला दिसतच होते. वकिलांनी सुनावणीची वाट न पाहता दोन्ही समित्यांना एकत्र बसवले, नकाशा टेबलावर पसरून रस्ता आणि मोकळी जागा सामायिक ठेवण्याचे लेखी ठरवून घेतले. या एका बैठकीने आमचे कित्येक महिने वाचले, असे मी खात्रीने सांगतो. पुनर्विक्रीत घेतलेल्या तीन सदनिकांचे मूळ करार हरवले होते; त्यांच्या प्रमाणित प्रती दुय्यम निबंधक कार्यालयातून त्यांनीच काढल्या.

दोन गोष्टी मात्र खटकल्या. वास्तुविशारदाचे शुल्क ठरलेल्या फीमध्ये धरलेले नव्हते, हे आम्हाला उशिरा कळले. आणि त्यांच्या कार्यालयाने तयार केलेल्या सर्वसाधारण सभेच्या ठरावात सर्व्हे क्रमांक राहून गेल्याने सभा पुन्हा बोलवावी लागली. वयोवृद्ध सभासदांना दुसऱ्यांदा जमवणे सोपे नव्हते. म्हणून फीचा तपशील लेखी मागावा आणि ठरावाचा मसुदा सचिवाने स्वतः सातबाऱ्याशी ताडून पाहावा.

तरीही मी हे कार्यालय इतरांना सुचवतो. दाखला हाती आला की काम संपले असे मानणारे सल्लागार आम्ही आधी भेटलो होतो. येथे मुद्रांक शुल्काचे अभिनिर्णय (शुल्क किती ते अधिकृतपणे ठरवून घेणे), दस्ताची नोंदणी आणि महसुली दप्तरातील फेरफार या तिन्ही टप्प्यांना त्यांचा माणूस आमच्यासोबत होता. फीचा शेवटचा हप्ता त्यांनी सातबाऱ्यावर सोसायटीचे नाव लागल्यानंतरच घेतला.