केमनला घर भाड्याने घेताना माझे ५,६०,८८८ रुपये गेले

आकडा आधीच सांगून टाकते: ५,६०,८८८ रुपये. कॅरिबियन समुद्रातल्या केमन बेटांपैकी ग्रँड केमनमधल्या एका घराचं डिपॉझिट म्हणून मी हे पैसे पुण्यातून पाठवले. ज्याने ते घेतले, त्याचा त्या घराशी काडीचाही संबंध नव्हता. मी हे लिहू नये असं घरच्यांचं म्हणणं होतं. सीए असून फसली, असं लोक म्हणतील, ही भीती. म्हणोत. पुण्यातून आणि मुंबईतून फंड अकाउंटिंगची कितीतरी माणसं केमनला जातात. त्यातल्या एकाचे जरी पैसे वाचले, तरी मी लोकांचं बोलणं ऐकून घेईन.

नोकरी खरी होती. हे मुद्दाम लिहिते, कारण ज्याला ज्याला सांगितलं त्याने पहिला प्रश्न हाच विचारला, "एजंटला किती दिलेस?" एजंट नव्हताच. पुण्याच्या ऑफिसात ज्या फंडांचं काम मी करत होते, त्यांच्याच केमनच्या टीममध्ये मला घेतलं. वर्क परमिटचा अर्ज मालक करतो आणि त्याची फीसुद्धा कायद्याने मालकालाच भरावी लागते. ती तुमच्याकडून मागणारा माणूस, मग तो कितीही गोड बोलो, चोर समजा. हे मला ठाऊक होतं. मी अंधारात उडी मारली नव्हती.

मग इथे बसून घर कशाला बघायचं, असं तिथे न गेलेल्यांना वाटेल. कंपनी हॉटेलचे दोन आठवडे देते. स्थलांतराचा भत्ता पावत्या दिल्यावर, म्हणजे रुजू झाल्यानंतर मिळतो. तोवर सगळं आपल्या खिशातून. बँकेत खातं उघडायला नोकरीचं पत्र, परमिटची प्रत, आपल्या इथल्या बँकेचं शिफारसपत्र आणि तिथल्या पत्त्याचा पुरावा लागतो. पत्त्याचा पुरावा म्हणजे भाडेकरार. म्हणजे घराशिवाय पत्ता नाही, पत्त्याशिवाय खातं नाही आणि खात्याशिवाय पगार कुठे जमा होणार? त्यात सगळं पूर्ण होऊन खातं उघडायला आठवडे लागतात. सेव्हन माइल बीचजवळच्या हॉटेलात स्वतःच्या पैशाने महिना काढणं मला परवडणारं नव्हतं. जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: शिफारसपत्रं इथूनच दोन बँकांची घ्या, लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह. नंतर इकडच्या शाखेला ईमेल पाठवत बसाल आणि उत्तर येणार नाही.

जाहिरात साउथ साउंड भागातल्या एका बेडरूमच्या अपार्टमेंटची होती. भाडं महिना १,६५० केमन डॉलर. त्या भागात बाकीच्या जाहिराती याहून तीनशे-चारशे डॉलरने वर होत्या. म्हणजे स्वस्त होतं, पण विश्वास बसणार नाही इतकं स्वस्त नव्हतं. मालक म्हणे अमेरिकन, वर्षातले बरेच महिने फ्लोरिडात. यातही खटकण्यासारखं काही नव्हतं. केमनमध्ये परदेशी माणसाला जमीन-घर घ्यायला बंदी नाही, वार्षिक मालमत्ता कर नाही, त्यामुळे अमेरिकन आणि कॅनडियन मालक तिथे भरपूर आहेत. त्याला सगळं माहीत होतं. १ केमन डॉलर म्हणजे १.२० अमेरिकन डॉलर हा सरकारी दर ठरलेला आहे, पण दुकानदार अमेरिकन डॉलर ८० सेंट धरतात, तेव्हा किराणा केमन डॉलरमध्येच घ्या, असा सल्ला त्याने मला दिला. १ जूनपासून वादळांचा मोसम सुरू होतो, खिडक्यांना शटर आहेत, २००४ च्या आयव्हन चक्रीवादळानंतर इमारतीची डागडुजी झाली आहे, हेही सांगितलं. यातली एकही माहिती खोटी नाही. खोटं होतं ते फक्त घर त्याचं असणं.

पहिल्या महिन्याचं भाडं, शेवटच्या महिन्याचं भाडं आणि एक महिन्याचं डिपॉझिट, अशी तीन भाडी आगाऊ. ही तिथली नेहमीची पद्धत, ऑफिसातल्यांनीही हेच सांगितलं होतं. ४,९५० केमन डॉलर, म्हणजे ५,९४० अमेरिकन डॉलर. हिशेब त्याने पैशापैशाला बरोबर केला होता. ठगाचा हिशेब चुकीचा असतो, अशी माझी समजूत होती. ती काढून टाका. त्यांचा हिशेब आपल्यापेक्षा चोख असतो.

आता तो व्हिडिओ. मी म्हटलं होतं, घर थेट व्हिडिओ कॉलवर दाखवा. तो म्हणाला, मी सध्या बेटावर नाही, केअरटेकरकडून चित्रित करून पाठवतो. दुसऱ्या दिवशी क्लिप आली. हॉल, स्वयंपाकघर, भिंतीवर अमेरिकन पद्धतीचे चपट्या पिनांचे सॉकेट. केमनमध्ये तसेच असतात, ते मी नीट बघितलं. मग बाल्कनी, खाली रस्ता, पलीकडे समुद्र. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. उजव्या बाजूने.

केमन हा ब्रिटनच्या ताब्यातला प्रदेश आहे. तिथे आपल्यासारखंच डावीकडून गाडी चालवतात. हे मला पक्कं माहीत होतं, कारण आपलं लायसन्स तिथे किती दिवस चालेल याची चौकशी मी त्याच आठवड्यात करत होते. ते दृश्य मला खटकलं. मी नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "व्हिडिओ उलटा झाला असेल, सेल्फी कॅमेऱ्यात होतो तसा." पटलं मला. पटवून घेतलं म्हणा, कारण बाकी सगळं जुळत होतं, विमानाचं तिकीट काढलेलं होतं आणि आणखी दोघीजणी त्या घराच्या मागे आहेत असं तो आदल्या रात्रीच म्हणाला होता. पण त्याच व्हिडिओत मायक्रोवेव्हवरची इंग्रजी अक्षरं सरळ होती. व्हिडिओ उलटा असता तर अक्षरंही उलटी दिसली असती. ती क्लिप माझ्या फोनमध्ये होती, मी ती आईला दाखवली, सासूबाईंना दाखवली, परत परत पाहिली. अक्षरं प्रत्येक वेळी सरळच होती. पैसे गेल्यानंतर ती पुन्हा लावली तेव्हा सात-आठ सेकंदांत सगळं कळलं. तो रस्ता केमनचा नव्हताच, अमेरिकेतल्या कुठल्यातरी किनाऱ्याचा असावा. या एका गोष्टीचा राग मला अजून आवरत नाही.

तरी म्हणते, दोष सगळा बघणाऱ्याचा नसतो. नव्या देशात जायच्या धावपळीत माणूस शंभर कागद जुळवत असतो. पोलिसांचा दाखला, मेडिकल, लंडनमार्गे जायचं की मायामीमार्गे, मायामी म्हटलं की अमेरिकेचा ट्रान्झिट व्हिसा. या लोकांना ती धावपळ नेमकी माहीत असते आणि त्याच आठवड्यात ते गाठतात.

पैसे पाठवायचं खातं अमेरिकेतल्या बँकेतलं होतं, तेही मालकाच्या नावावर नव्हे, एका एलएलसीच्या, म्हणजे अमेरिकेतल्या खासगी कंपनीच्या. मी विचारलं. घर कंपनीच्या नावावर आहे, असं उत्तर मिळालं. केमनमध्ये कंपनीच्या नावावर घर असणं रोजचंच. माझं तर कामच अशा कंपन्यांच्या हिशेबाचं, मला त्यात काय नवल वाटणार? आमच्या बँकेत परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म भरला. दर लावला ८६.९० रुपये. ५,९४० डॉलरचे ५,१६,१८६ रुपये, बँकेचं शुल्क १,१८०, चलन बदलावरचा जीएसटी ५५५. एकूण ५,१७,९२१. यातले तीन लाख बाबांची मुदत ठेव मोडून घेतले होते. चार दिवसांनी वीज-पाण्याच्या जोडणीचं डिपॉझिट म्हणून ४०० केमन डॉलर मागितले, म्हणजे ४८० अमेरिकन डॉलर. शुल्क धरून ४२,९६७ रुपये. वीजजोडणीला तिथे खरोखरच डिपॉझिट लागतं. म्हणून तेही पाठवले.

उलगडा झाला तो चावी घ्यायच्या वेळी. ऑफिसातला एक सहकारी माझ्या वतीने त्या पत्त्यावर गेला. इमारत खरी, फ्लॅटही खरा, आणि आत वर्षानुवर्षं राहणारं कुटुंब. त्यांनी त्याला सांगितलं की महिन्यापूर्वी एक फिलिपिनो नर्स अशीच चावी मागायला आली होती आणि दारातच रडली. तिचीही तक्रार कुठेतरी पडून असेल. कुणी ती जाहिरात खाली उतरवली नव्हती.

आता यंत्रणांविषयी. मी बँकेत धावले. म्हणाले, पैसे परत मागवण्याचा संदेश पाठवतो, पण ज्याच्या खात्यात गेले त्याची संमती लागेल. चोराची संमती! त्याने नाही म्हटलं तर? "मग आपण काही करू शकत नाही, मॅडम." तो संदेशही त्याच दिवशी गेला नाही. शुक्रवारची संध्याकाळ होती, परकीय चलनाचा विभाग बंद, सोमवारी बघू. त्या तीन दिवसांत खातं रिकामं झालं असणार. फॉर्मवर 'घरभाडं, केमन आयलंड्स' लिहिलेलं आणि खातं अमेरिकेत, हे त्यांच्या काउंटरवरच्या माणसाला दिसलं नाही का? माझ्याकडून तीन-तीन सह्या घेतल्या, पॅनची प्रत घेतली, आणि विचारायचं ते विचारलं नाही.

पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदार म्हणाले, "ताई, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, कुणी हिसकावले नाहीत. ही दिवाणी बाब आहे." भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे आणि हद्दीचा प्रश्न असला तरी शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो, हे मी त्यांना त्यांच्याच टेबलासमोर उभं राहून वाचून दाखवलं. त्यांनी सायबरकडे पाठवलं. तिथे आरोपीचा यूपीआय आयडी विचारला. परदेशात वायर केलेत म्हटल्यावर स्क्रीनशॉट काढून आणा म्हणाले, आणले, तर प्रिंट रंगीत हवी. आरोपीचा पत्ता काय लिहू? मला तो माहीत असता तर तक्रार कशाला करत होते? साहेब बंदोबस्तात, साहेब कोर्टात, साहेब ट्रेनिंगला. शेवटी तक्रार अर्जावर पोच मिळाली. एफआयआर नाही. बेटावर पोहोचल्यावर तिथल्या एका कार्यालयात गेले, तर उत्तर असं: पैसे इथून गेले नाहीत, इथे आले नाहीत, इथे काय गुन्हा घडला? भारतातून गेले म्हणून भारतात जा, भारतात म्हणतात खातं अमेरिकेत आहे. पत्ता केमनचा, पैसे पुण्याचे, खातं अमेरिकेचं, आणि चोराला या तिन्हींच्या मधली जागा बरोबर ठाऊक. लाखोंच्या हिशेबात एक पैसा चुकला तरी मला जाब द्यावा लागतो. या सगळ्या टेबलांवरच्या एकालाही माझ्या पैशांचा जाब द्यावा लागला नाही. अपमान तर इतका केला की काही दिवस मला नोकरीच नको झाली होती.

ज्यांना जायचंय त्यांनी ऐका. केमनमधल्या प्रत्येक मालमत्तेला ब्लॉक आणि पार्सल क्रमांक असतो. तो मागा आणि जमिनीच्या नोंदवहीत मालकाचं नाव तपासून घ्या. देत नसेल तर बोलणं तिथेच बंद. जाहिरातीतले फोटो इमेज सर्चमध्ये टाका. माझे नंतर टाकून पाहिले, सुट्टीसाठी भाड्याने देण्याच्या जुन्या जाहिरातीतून उचललेले निघाले. शक्यतो सिरेबा या तिथल्या दलालांच्या संघटनेच्या सदस्याकडूनच घर घ्या, थोडे जास्त गेले तरी चालतील. पुण्यात बसून एक डॉलरही देऊ नका. सहकाऱ्याला घर बघायला पाठवायचा संकोच करू नका. मी केला, नव्या माणसाला त्रास कशाला म्हणून.

दोन महिने भागेल इतके डॉलर फॉरेक्स कार्डावर न्या. आरोग्य विमा मालकाने काढून द्यायचा असतो, हप्त्याचा जास्तीत जास्त निम्मा भाग तो पगारातून कापू शकतो, पूर्ण कापत असेल तर भांडा. नऊ महिन्यांनी पेन्शनची कपात सुरू होते, तोवर हातात येणाऱ्या पगारावर बजेट मांडू नका. इथलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं, करून घ्यायला विसरू नका. आणि आयकर नाही म्हणून तिथे सगळं स्वस्त असेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. बहुतेक वस्तूंवर २२ टक्के आयात शुल्क आहे आणि जवळपास सगळंच आयात होतं.

पैसे गेलेच तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मग बँकेला लेखी, ईमेलने, वेळ दिसेल असं. तोंडी सांगितलेलं नंतर कुणी मान्य करत नाही. खातं अमेरिकेतलं असेल तर एफबीआयच्या आयसी३ पोर्टलवरही तक्रार करा, भारतातून करता येते. वायर पाठवल्याची स्विफ्टची प्रत, म्हणजे बँकांमधल्या त्या व्यवहाराच्या संदेशाची नक्कल, बँकेकडून मागून घ्या, त्याशिवाय कुणी हलत नाही. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उडवून लावलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माझे ३० दिवस कोरडे गेले. आता तक्रार लोकपालाकडे आहे आणि त्यात मी एकच मुद्दा लावून धरला आहे: शुक्रवारी संध्याकाळी लेखी कळवूनही पैसे परत मागवण्याचा संदेश सोमवारी का गेला? त्याचं लेखी उत्तर मिळेपर्यंत मी थांबणार नाही.

तीच जाहिरात परवा पुन्हा दिसली. फोटो तेच, नाव वेगळं, भाडं आता १,७०० केमन डॉलर. मी आणि त्या सहकाऱ्याने दोघांनीही ती कळवली आहे. कुणाला हा माणूस भेटला तर बोलणं लगेच तोडू नका. आधी पैसे कुठल्या खात्यात मागतोय तो क्रमांक, बँक आणि कंपनीचं नाव काढून घ्या, आणि मगच सगळ्या तक्रारींत जोडा.