यामाहा पॅसिफिका 112व्ही : एका वायरमनच्या कानाने

दिवसा घरांची वायरिंग करतो, रात्री ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. म्हणून इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपचा, म्हणजे तारांची थरथर पकडणाऱ्या भागाचा, विषय निघाला की बाकीचे टोनबद्दल बोलतात आणि मला आधी गुणगुण आठवते. 50 हर्ट्झची, आपल्या लाइटीची.

गेल्या गणपतीत स्टेजच्या डाव्या कडेला डिमरची पेटी, मागे जनरेटर आणि माझ्या गळ्यात तीन सिंगल कॉइलवाली, म्हणजे एकेरी कॉइलचे तीन पिकअप असलेली, जुनी गिटार. मंडळाच्या दिवंगत सभासदासाठी निवेदकाने एक मिनिट शांतता पाळायला सांगितली. अख्खा मांडव गप्प, आणि स्पीकरमधून घूंऽऽऽ. व्हॉल्यूमची कळ चाचपून शून्यावर नेईपर्यंत अर्धं मिनिट गेलं. अध्यक्षांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेपायी ही पॅसिफिका घेतली.

हिच्यात ब्रिजला, म्हणजे तारा बॉडीवर टेकतात तिथे, हंबकर (दोन कॉइलचा पिकअप), मधे मिडलला आणि मानेकडे नेकला सिंगल कॉइल. बॉडी अल्डर लाकडाची, चुंबकं अल्निको 5 या मिश्रधातूची.

पिकअप म्हणजे चुंबकांभोवती गुंडाळलेली, केसाएवढी बारीक तांब्याची तार. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर, म्हणजे स्ट्रॅट गिटारच्या पिकअपला साधारण 8,000 वेढे असतात. वर गिटारची पोलादी तार थरथरली की कॉइलमध्ये व्होल्टेज येतं. पण शेजारच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्रही ती कॉइल तितक्याच मनापासून पकडते. म्हणून सिंगल कॉइलवाले उभ्या उभ्या थोडे थोडे फिरत असतात. गुणगुण जिथे कमी होते तो कोन शोधत असतात बिचारे, लोकांना वाटतं स्टाइल मारतोय.

हंबकरची युक्ती आमच्या धंद्यातल्या माणसाला लगेच कळेल. टाँग टेस्टर (तारेभोवती जबडा लावून करंट मोजायचा मीटर) एकट्या फेजवर लावला की अँपिअर दिसतात. फेज आणि न्यूट्रल दोन्ही जबड्यात घेतले की शून्य. हंबकरमध्ये दोन कॉइल शेजारी शेजारी, एकमेकींच्या उलट जोडलेल्या. बाहेरची गुणगुण दोघींत सारखीच शिरते आणि वजा होते. मग तारांचा आवाजही वजा व्हायला नको का? नाही होत, कारण दुसऱ्या कॉइलला चुंबकाचं टोकही उलटं असतं, उलट्याचं उलट सुलट. गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हरने याच्या पेटंटसाठी 1955 मध्ये अर्ज केला, ते मिळालं 1959 मध्ये. मधल्या काळात पिकअपखाली ‘पेटंट अप्लाइड फॉर’ अशी चिठ्ठी लावायचे. ती चिठ्ठीवाले पिकअप आज सोन्याच्या भावाने विकले जातात.

आता आवाज. डिस्टॉर्शन (आवाज फाडणारा इफेक्ट) लावून दोन-तीन तारांचे कॉर्ड मारायचे असतील तर हंबकरला तोड नाही. ऑक्टोपॅड, कीबोर्ड, बेस सगळे तुटून पडले तरी खालून त्याची जाडी जाणवते. पण जुन्या हिंदी गाण्यांतले सुटे सुटे स्वर क्लीनवर, म्हणजे डिस्टॉर्शनशिवाय, छेडायला घेतले की तोच हंबकर आसट भात वाटतो. नेकच्या सिंगल कॉइलवर मोकळा भात, शीत न् शीत वेगळं. पिकअप निवडायचा स्विच चौथ्या जागी नेला, म्हणजे नेक आणि मिडल एकत्र, की आवाजाला छान नाकातला सूर येतो. मुखड्यामागचं ऱ्हिदम मी तिथेच वाजवतो.

एक कटकट होती: सिंगलवरून हंबकरवर गेलो की आवाज एकदम उसळायचा आणि साउंडवाला मान वर करायचा. हंबकर असलेल्या बहुतेक गिटारांत हे होतंच. स्क्रू ड्रायव्हरने हंबकर जरासा खाली उतरवला, प्रश्न मिटला. दुकानात कोणी सांगत नाही.

टोनची कळ वर ओढली की हंबकरची एक कॉइल बंद होते. म्हणजे आमच्या भाषेत न्यूट्रल जबड्याबाहेर काढली. गुणगुण परत, आवाज बारीक. ‘एकात दोन गिटारी’ म्हणून जो खपवेल त्याचं फार मनावर घेऊ नका. अर्धा हंबकर म्हणजे खरा सिंगल कॉइल नव्हे. खऱ्या स्ट्रॅट पिकअपमध्ये तारेखालचे खुंटे स्वतःच चुंबक असतात. हंबकरमध्ये बहुधा चुंबक तळाशी आडवं आणि वर पोलादाचे स्क्रू. आवाज सारखा येणार कुठून? दोन गाण्यांत वापरतो, बास.

आणि नुसत्या घरघरीपायी हंबकर घेणाऱ्यांनी जरा थांबा. तारांना हात लावल्यावर घरघर कमी होत असेल, तर आधी आतल्या पोकळीचं शील्डिंग (धातूचं अस्तर) बघा. तांब्याच्या पट्टीने ते घरी होतं. स्टेजवर त्याहून महत्त्वाचं अर्थिंग. गिटारच्या तारा ब्रिजमधून ग्राउंडला जोडलेल्या असतात. बोर्डातलं अर्थिंग तुटलेलं असेल आणि ओठ माइकला टेकले तर बसणारा झटका कोणताही पिकअप अडवत नाही. मी गिटार काढण्याआधी फेज आणि अर्थमध्ये टेस्ट लॅम्प लावतो. पेटला तरच प्लग घालतो. एकदा नुसता मिणमिणला तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतायला लावलं होतं. कार्यक्रम वीस मिनिटं उशिरा, शिव्या मला.

मांडवात वाजवणाऱ्याने ब्रिजला हंबकर असलेलीच घ्यावी, असं मी आमच्या नव्या पोरांना सांगतो. घरी मात्र माझा स्विच नेकच्या सिंगलवरच असतो. पंख्याचा गोल रेग्युलेटर पूर्ण फिरवतो, म्हणजे त्याची करकर जाते. तरीही घूं आलंच, तर खुर्ची थोडी खिडकीकडे वळवून घेतो.